इटलीत घर केलेल्या मराठी भावंडांना

प्रिय भावंडांनो,



हे पत्र तळोद्याहून लिहितो आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं हे गाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं नसेल. पण परक्या मुलखात बस्तान बसवणं किती जड असतं, ते आमच्या तालुक्याने जवळून पाहिलं आहे. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली 33 गावं बुडिताखाली आली. त्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबं अक्कलकुवा-अक्राणीच्या डोंगरातून उतरवून आमच्याकडे सोमावल, रोझवा, नर्मदानगर इथे वसवली. जमिनीचे कागद हाती आले तरी कचेरीत त्यांच्या वतीने बोलायला दुसराच कुणी लागायचा. ज्याला आपलं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने मांडता येत नाही, तो स्वतःच्या शेतातही पाहुणाच राहतो, हे मी तेव्हा पाहिलं.

मागच्या वर्षी क्रेमोनाजवळ मुलीकडे राहून आलो. व्हिसा 90 दिवसांचा होता आणि त्यातला एकही दिवस मी सोडला नाही.

पहिल्याच आठवड्यात बाजारात टोमॅटो दाबून पाहायला हात घातला, तर भाजीवालीने माझा हात अलगद बाजूला केला. तळोद्याच्या बाजारात टोक मोडून पाहिल्याशिवाय आम्ही भेंडी घेत नाही. इटलीत उघड्या हाताने भाजी चाचपायची नसते. सुपरमार्केटातसुद्धा आधी प्लॅस्टिकचा हातमोजा चढवायचा. बाजारात भाजी विक्रेताच निवडून देतो, आणि त्याआधी विचारतो, आज खायची की उद्या, कच्ची की शिजवून? म्हणजे तिथे भाजी घ्यायची तर बोलावं लागतं. मुलीने पाठ करून दिलेली चार वाक्यं घेऊन मी रोज जाऊ लागलो. तिसऱ्या आठवड्यात त्या बाईने मला पोलेन्ता कसा शिजवायचा ते हातवारे करून सांगितलं. मक्याचं पीठ पाण्यात घोटत राहायचं, हातातली पळी थांबू द्यायची नाही. आमच्या डोंगरात मक्याची भाकरी खातात, हे मला तिला सांगायचं होतं. शब्द नव्हते. ती हळहळ अजून जात नाही.

तुमच्यापैकी कुणी मिलानमध्ये संगणकावर काम करतं, कुणी तोरीनोत संशोधन. कचेरीत इंग्रजी चालतं, घरात मराठी. मधला जिना, शेजारी, मुलांची शाळा हे सगळं मात्र इटालियनमध्ये चालतं. पाच-सहा वर्षं राहूनही 'बोनजोर्नो'पुढे न गेलेली माणसं मला भेटली. नागरिकत्व हवं तर बिगर-युरोपीय माणसाला दहा वर्षांचा कायदेशीर रहिवास आणि 2018 पासून मध्यम पातळीची भाषा परीक्षा लागते. ही दहाची पाच वर्षं करावीत म्हणून जून 2025 मध्ये सार्वमत झालं. निम्मे मतदारही आले नाहीत म्हणून ते बाद झालं. परदेशी आईबापांचं तिथे जन्मलेलं मूलसुद्धा अठरा पूर्ण होईपर्यंत परकंच, आणि नंतर वर्षभरात अर्ज करायचा. तेव्हा कागदाची वाट पाहत थांबू नका. भाषा आजपासून शिका.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो, ते.

इटलीत दीड लाखाहून जास्त भारतीय आहेत आणि त्यात पंजाबी शेतमजूर, गोठ्यात राबणारे फार. मुलीच्या घरासमोरच्या वाटेने ते पहाटे सायकलवर जायचे. अनोळखी माणसाला तिथे 'तू' म्हणत नाहीत, आदराने 'लेइ' म्हणतात. या पोरांना मात्र सगळे 'तू'च म्हणत, हे मुलीने माझ्या लक्षात आणून दिलं. दक्षिणेकडे लातिना जिल्ह्यात जून 2024 मध्ये सतनाम सिंग या 31 वर्षांच्या मजुराचा हात शेतातल्या यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर टाकून दिलं, तुटलेला हात फळांच्या खोक्यात. दोन दिवसांनी तो गेला. त्याच्याकडे कामाचे कागद नव्हते. त्या भागातले पंजाबी मजूर मालकाला 'पाद्रोने' म्हणतात. अनेकांना तोच शब्द सगळ्यात आधी येतो.

सतनामची बातमी वाचताना मला आमचेच लोक दिसले. दिवाळीनंतर या डोंगरातली कुटुंबं उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादम जे सांगेल तो हिशेब. त्यातल्या कुणाचं बोट कोयत्याने गेलं तर बोलायचं कुणी, हा प्रश्न इथेही तसाच आहे. (आणि त्यांच्यासाठी आम्ही तळोद्याच्या शिकलेल्या लोकांनी पुरेसं केलेलं नाही, हेही मान्य करतो.)

आपली मराठी माणसं त्या शेतांवर फारशी नाहीत, म्हणून तो आपला विषय नाही असं कृपा करून म्हणू नका. तुम्हाला हिंदी येते, त्यांनाही येते. तुमच्याकडे कागद आहेत, पगार आहे, आणि भाषा शिकायला वेळ आहे.

रविवारचे दोन तास काढा. गुरुद्वारात जा, नव्याने आलेल्या पोरांना इटालियन शिकवा. व्याकरण राहू द्या. पगाराची पावती द्या, मला लागलं आहे, रुग्णवाहिका बोलवा, ही वाक्यं आधी घोटून घ्या. आणीबाणीचा क्रमांक तिथेही 112 च आहे.

तुमचा,
तळोद्याचा एक शिक्षक