किलोना भाव

हिशेबाचं माझं देणं शाळेपेक्षा शेजाराला जास्त लागतं. सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या खोलीला लागून जिजीची खोली होती. जिजी अमळनेरकडची, चौथी शिकलेली. नवरा लूमवर, ती घरी साड्यांना लेस लावायची. लिंबायत, डिंडोली, गोडादरा हा सगळा पट्टाच खानदेशातून गाडीने उधन्याला उतरलेल्या माणसांनी भरलेला. गल्लीत अहिराणी, दुकानात गुजराती, महापालिकेच्या शाळेत पुस्तकी मराठी. जिजीचं म्हणणं मात्र सगळीकडे एकच: "पुडाना भाव नको सांगू भाऊ, किलोना सांग."

तिचं डोकं तेलाच्या डब्यापाशी बघावं. गुजरातेत तेल डब्याने घ्यायची रीत, पण डबे दोन जातींचे. एकावर 15 किलो, दुसऱ्यावर 15 लिटर. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरभर तेल भरतं साधारण 910 ग्रॅम. म्हणजे लिटरच्या डब्यात 13 किलो 650 ग्रॅमच. समजा, किलोचा डबा 2,400 ला आणि लिटरचा 2,250 ला. दीडशे वाचतात म्हणून कुणीही दुसरा उचलेल. मी कागदावर 2,250 ला 13.65 ने भागत बसायची. जिजी तोंडी करायची: "इकडे 160 रुपये किलो. तिकडे सव्वा किलोच्या वर तेल कमी. त्याचेच दोनशे होऊन गेले, आणि वाचले किती? दीडशे." भागाकार करून माझंही तेच यायचं, लिटरच्या डब्यात किलोला जवळजवळ 165. फक्त तोवर तिची कणीक मळून झालेली असे.

भाव कळला तरी डबा घ्यायला एकरकमी पैसे लागतात, आणि पगाराच्या आधीच्या आठवड्यात ते गल्लीत कुणाकडेच नसत. सुटं तेल महाग पडतं हे जाणूनच बायका सुटं घेत. यावर जिजीने पाच घरं गोळा केली. दर महिन्याला एक डबा, वाटणी पेल्याने नाही, काट्यावर. रिकामा डबा विकून आलेले पैसेसुद्धा पाच ठिकाणी वाटायचे. पहिला हिशेब तिने माझ्या वहीत लिहून घेतला, आणि तेव्हापासून तिच्या पासबुकाची बेरीज तपासायचं काम मला लागलं.

लेसच्या कामातही तेच. साधी साडी साडेपाच मीटरची, ब्लाउजपीससकटची 6.30. दोन्ही काठांना लेस लावायची तर एकीला 11 मीटर शिवण, दुसरीला 12.60. ठेकेदार दोन्हींना नगामागे एकच दर सांगे. जिजी मीटरचा मागे. कधी दर वाढून मिळे, कधी माल सरळ दुसऱ्या गल्लीत जाई.

शाळेत याला त्रैराशिक म्हणतात. भास्कराचार्यांच्या 1150 मधल्या 'लीलावती'त त्याचं उदाहरण केशराच्या भावाचंच आहे: निष्क या जुन्या नाण्याच्या तीन सप्तमांशाला अडीच पळं (पळ हे वजन), तर नऊ निष्कांना किती? साडेबावन्न पळं. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ काढला तो आमच्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटणला. तिथल्या शिलालेखाच्या शेवटी, जुन्या मराठीत, बाजारात गिऱ्हाइकाकडून मिळणारं राजाचं देणं मठाला दिल्याची नोंद आहे. गणिताचा मठ गिऱ्हाइकाच्या पैशावर चालला, हे जिजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मंग तठे काटा बरोबर व्हई."

आज मी रिंग रोडच्या कापड बाजारात हिशेब लिहिते. एक पार्टी ताक्याचा भाव पाठवते, दुसरी मीटरचा. दोन्ही आधी मीटरवर आणायचे, मग बोलायचं. माझ्या पगारातला मोठा भाग या एवढ्याशा सवयीचा आहे, आणि ती जिजीची आहे. तिची पाच घरं आता नऊ झाली आहेत.

केंद्राने 2021 मध्ये वेष्टनाच्या नियमांत दुरुस्ती करून पाकिटावर जिजी विचारते तसा एककाचा भाव छापायला सांगितलं: किलोच्या आतल्या मालाला ग्रॅमचा, वरच्याला किलोचा. किमतीच्या आसपास बारीक अक्षरात असतो. चष्मा लावून वाचा, आणि तेलाचा डबा घेताना 15 च्या पुढे किलो आहे की लिटर, तेवढं बघूनच पैसे काढा.