आंबोलीच्या धबधब्यापाशी

सावंतवाडीहून बेळगावकडे जाणारा रस्ता दाणोली मागे टाकल्यावर सह्याद्री चढू लागतो. इंग्रजी अमदानीत वेंगुर्ले बंदर आणि बेळगावची छावणी या मार्गाने जोडली गेली आणि बंदरावरचा माल घाटमाथ्यावरच्या पेठांत पोहोचू लागला. आज पावसाळ्यात येथे व्यापाऱ्यांपेक्षा सहलीला निघालेल्यांचीच वर्दळ अधिक असते. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पभरले वारे या कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि बरसतात. त्यामुळे सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

जांभूळ-अंजनीच्या दाट रानातून वळणे घेत असता धुके एकाएकी विरते आणि रस्त्याच्या कडेलाच पाणी कोसळताना दिसते. येथे डोंगर तुडवावा लागत नाही. वृद्ध आजीही गाडीतून उतरून चार पावलांवर उभी राहू शकते. पाणी काळ्या कातळावरून पायरी पायरीने उतरते, शेवाळलेल्या खडकांवर फुटते आणि रस्त्याखालून दरीत नाहीसे होते. मुख्य धबधब्याला बांधीव पायऱ्या आहेत, समोर चहा आणि भाजलेल्या कणसांच्या टपऱ्या आहेत. परंतु एक-दोन वळणे पलीकडे, जेथे कोणी थांबत नाही, तेथे चार महिन्यांचेच आयुष्य लाभलेले निनावी झरे अधिक शांतपणे पाहता येतात.

नेमक्या याच दिवसांत आपले साधू-साध्वी विहार थांबवतात. आषाढ शुद्ध चतुर्दशीनंतर वाटा जीवांनी भरून जातात, म्हणून पाऊल एका जागी स्थिर ठेवायचे. चातुर्मासात गाव न सोडण्याचा नियम घेणारी कुटुंबेही आपल्यात आहेत; त्यांच्या नियमाचा आदरच आहे. परंतु जो गृहस्थ प्रवासाला निघतोच, त्याने या वर्षावासाचे कारण घरी ठेवून निघू नये.

ते कारण आंबोलीत डोळ्यांना दिसते. येथील जांभ्या दगडाच्या सड्यांवर, पहिल्या पावसाने साचलेल्या उथळ डबक्यांत, आंबोली टोड नावाचा इवलासा जीव अंडी घालतो. २००९ साली शास्त्रज्ञांनी ही स्वतंत्र जाती म्हणून नोंदवली. आंबोली आणि आसपासच्या मोजक्या जागांपलीकडे तो आढळत नाही, आणि त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत होते. अधिवास घटणे हे एक संकट. रस्ता ओलांडताना वाहनाखाली येणे हे दुसरे. ईर्यासमिती म्हणजे पुढची भूमी पाहून पाऊल टाकणे. आपल्या पायांची जागा चाकांनी घेतली म्हणून ती समिती सुटत नाही.

गावाजवळच हिरण्यकेशीचा उगम आहे. धबधब्याचे पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते, तर हिरण्यकेशी पूर्वेला वाहत घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळते. उगमाच्या मंदिरापाशी सापडलेल्या एका लहानशा माशाला २०२० मध्ये याच नदीचे नाव मिळाले आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. गाळलेल्या पाण्यातील जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडणाऱ्या परंपरेला या मंदिराच्या कुंडाचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. पाण्यालाच शरीर मानून राहणाऱ्या अप्कायिक जीवांचा विचार ज्याने बालपणी ऐकला आहे, तो या प्रवाहात साबण लावणार नाही, बाटली टाकणार नाही आणि शेवाळावर उगाच नाचणार नाही.

रविवार टाळावा, उकळलेले पाणी सोबत घ्यावे, काठावरूनच तुषार अंगावर घ्यावेत आणि दिवसाउजेडी घाट सोडावा. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या कुटुंबाला मुक्काम तसाही वेळेत गाठायचा असतो. ओल्या रात्री रस्त्यावर येणाऱ्या बेडकांनाही त्यामुळे अभय मिळते.

पुढे साधारण सत्तर किलोमीटरवर बेळगावच्या किल्ल्यात तेराव्या शतकातील कमल बस्ती आहे. तेथे नेमिनाथ भगवंतांचे दर्शन अवश्य घ्यावे. विवाहाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ज्यांनी रथ मागे वळवला, त्यांच्यासमोर उभे राहताना आपण कोणत्या वाटेने आणि कसे आलो, हे मनाशी तपासून पाहता येते.