दोन इंच

"किती झालं?"

त्या संध्याकाळी पप्पांनी हा प्रश्न चौथ्यांदा विचारला. मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कॉलवर होतो, ते सोफ्याच्या कडेला बसले होते. प्रश्न आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा होता. सांगलीत वाढलेल्या माणसाला दोन आकडे पाठ असतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. आमच्या घरात तिसराही पाठ आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि पप्पांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप शटरच्या वरच्या पट्टीपर्यंत पाण्यात गेलं. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आलं. तेव्हा मी फोनवर म्हणालो होतो, "पप्पा, बंद करा आता ते." त्यांनी उत्तर दिलं नाही. नंतर तो विषय आमच्यात निघालाच नाही.

या वेळी पाणी ३६ वर असतानाच मी त्यांना हट्टानं पुण्याला आणलं होतं. शरीरानं ते इथं होते, पण लक्ष सगळं व्हॉट्सअॅपवर. रात्री त्यांचा फोन चार्जिंगला लावायच्या निमित्तानं काढून घेतला आणि टीव्हीवर एक सिनेमा लावला. बस्टर कीटनचा 'स्टीमबोट बिल, ज्युनियर'. साल १९२८, मूकपट. यूट्यूबवर फुकट आहे आणि सव्वा तासाच्या आसपास संपतो. पप्पांना इंग्रजी सिनेमा दाखवायचा म्हणजे सतत भाषांतर करत बसावं लागतं. इथं ती कटकट नव्हती. मधूनमधून पाट्या येतात, तेवढ्या वाचून दाखवल्या की झालं.

लावल्यावर पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं की आपण चुकीचा सिनेमा निवडलाय. कारण हा नदीचा सिनेमा आहे. आणि बापलेकांचा.

गोष्ट अशी. मिसिसिपीच्या काठावर रिव्हर जंक्शन नावाचं गाव आहे. तिथं विल्यम कॅनफिल्ड ऊर्फ स्टीमबोट बिल आपली जुनाट बोट चालवतो. 'स्टोनवॉल जॅक्सन' तिचं नाव. शेजारी गावातला श्रीमंत माणूस, किंग, स्वतःच्याच नावाची नवी चकाचक बोट आणतो. जुन्या बोटीचे प्रवासी जातात आणि पुढं तर ती धोकादायक म्हणून बंदच पाडली जाते. अशा वेळी बिलला कळतं, की तान्हा असल्यापासून न पाहिलेला आपला मुलगा बॉस्टनहून शिकून परत येतोय. बिल स्वतः धिप्पाड. मुलगाही तसाच असणार, दोघं मिळून किंगला बघून घेऊ, असं त्याच्या डोक्यात. ओळख पटावी म्हणून मुलगा कोटाला पांढरं फूल लावून येणार असतो. स्टेशनवर बघावं तर निम्म्या लोकांच्या कोटाला पांढरं फूल. आणि शेवटी सापडतो तो मुलगा हा एवढासा. डोक्यावर बेरे टोपी, ओठावर मिशीची रेघ, हातात युकुलेली.

बापाचा चेहरा बघून पप्पा हसले. त्या दिवशी पहिल्यांदा.

मी हसलो नाही. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी वर्कशॉपमध्ये गेलो होतो. पप्पांनी एका बंगल्याच्या गेटची फ्रेम माझ्याकडे सोपवली. चारही अँगल मी मापात कापले, टाके मारले, वेल्डिंग भरून घेतलं. फक्त दोन्ही कर्ण मोजायचे विसरलो. फ्रेम तिरकी झाली. जागेवर नेऊन लावली तर गेट बसेना. घरमालक, त्यांची बायको आणि आमचे दोन कामगार बघत उभे. पप्पा काही बोलले नाहीत. रात्री एकटे बसून त्यांनी सगळे सांधे ग्राइंडरनं कापले आणि फ्रेम परत जोडली. सकाळी म्हणाले, "तू आपला शीक." हे त्यांनी मायेनं म्हटलं की कंटाळून, हे मला दहा वर्षांत कळलेलं नाही. सिनेमातला बाप मुलाला बॉस्टनचं परतीचं तिकीट काढून देतो तेव्हा मी फोनमध्ये बघत राहिलो.

पुढं बाप तुरुंगात जातो. मुलगा धो-धो पावसात भलामोठा पाव घेऊन त्याला भेटायला येतो. पावात हत्यारं लपवलेली आहेत. बाप रागानं पाव नाकारतो आणि मुलगा शेरीफच्या पाठीमागून हातवारे करून आत काय आहे ते समजावत राहतो. शेवटी भिजलेला पाव फाटतो आणि सगळी हत्यारं धडाधड जमिनीवर पडतात. पप्पांनी सिनेमा थांबवायला लावला. कोणकोणती हत्यारं आहेत ते त्यांना मोजायचं होतं. "कानस एकच हाय," ते म्हणाले. "एका कानशीनं गज कापायचा म्हणजे आठवडा जाईल."

मग वादळ येतं. वादळाचा हा भाग मी पूर्वी रील्समध्ये तुकड्यातुकड्यांनी पाहिला होता. हॉस्पिटलची इमारत उडून जाते आणि कीटन आपला कॉटवर बसलेला. ती कॉटच रस्त्यावरून धावत सुटते. आणि मग तो प्रसिद्ध शॉट. तो रस्त्यात गोंधळून उभा असतो, मागच्या घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माळ्याची उघडी खिडकी बरोबर त्याच्यावरून जाते. तो तसाच उभा.

पप्पा पुढं सरकले. "परत लाव." तीन वेळा लावलं. "बिजागरी खाली हाय," ते म्हणाले. "पण मापाचं काय केलं?"

हे मला माहीत होतं. कीटननं स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलंय. आधी भिंतीचा सांगाडा केला, खालच्या बिजागऱ्या भक्कम करून घेतल्या. मग सांगाडा जमिनीवर आडवा केला आणि कीटनच्या भोवती खिडकी बांधली. दोन्ही खांद्यांना दोन-दोन इंच, डोक्याला दोन, टाचांना दोन. जिथं टाचा येणार तिथं जमिनीत मोठे खिळे ठोकले. मग भिंत उभी करून पुढचं काम पुरं केलं. वाऱ्यासाठी विमानाची इंजिनं लावलेले सहा प्रचंड पंखे होते. पण भिंत पडताना तिच्यावर झोत येऊ द्यायचा नव्हता, कारण ती जराशी पिळली असती तरी खिडकीची जागा चुकली असती. शॉट एकदाच घेतला.

पप्पा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे भिंत माणसाच्या मापानं केली. आम्ही गेट भिंतीच्या मापानं करतो." आणि थोड्या वेळानं, "कर्ण मोजले असणार त्यानं."

मी मान हलवली. ते टीव्हीकडे बघत होते. ते गेट त्यांना आठवलं होतं का, मला माहीत नाही.

मग मी त्यांना आणखी एक सांगितलं. या सिनेमाच्या शेवटी आधी वादळ नव्हतं, पूर होता. १९२७ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या काठी गावाचा सेट उभारला गेला. पण त्याच वर्षी खऱ्या मिसिसिपीला महापूर आला होता. शेकडो माणसं गेली, लाखो बेघर झाली. निर्माता जोसेफ शेंक याचं म्हणणं पडलं की पुरावर लोक हसणार नाहीत. म्हणून पुराचं चक्रीवादळ केलं. कीटनचा युक्तिवाद असा की अमेरिकेत वादळांनीही कमी माणसं मरत नाहीत, आणि चॅप्लिननं तर महायुद्धावर विनोदी सिनेमा काढला होता.

"पूर काढला ते बरं केलं," पप्पा म्हणाले. "वारा येतो न् जातो. पाणी घरात बसून राहतं."

२०१९ चं पाणी ओसरल्यावर मी आठ दिवसांची रजा काढून गेलो होतो. वर्कशॉपमध्ये घोट्याच्या वर चिखल होता. ड्रिल मशीनच्या मोटरीतून पप्पा चमच्यानं गाळ काढत होते. त्यावर विनोद करायला कुणाला जमेल, मला माहीत नाही. पण सिनेमातून पूर पूर्ण निघालेला नाही. वादळात तुरुंगच उखडून नदीत वाहायला लागतो आणि कोठडीत अडकलेला बाप बुडू लागतो. आणि इथून पुढची पाच मिनिटं मला आधीच्या त्या भिंतीपेक्षाही जास्त आवडतात.

तेव्हाची स्टीमबोट एकट्यानं चालत नाही. सुकाणूवाला वर, इंजिनवाला खाली. आतापर्यंत बोटीवर ज्याचा नुसता अडथळाच झालाय, तो हा मुलगा एकटा बोटीवर चढतो. खालच्या यंत्राच्या दांड्यांना दोऱ्या बांधतो, त्या वरच्या सुकाणूघरापर्यंत नेतो आणि तिथून ओढून अख्खी बोट चालवतो. ती थेट तुरुंगावर नेऊन घालतो आणि बापाला बाहेर काढतो. त्याची ताकद वाढलेली नाही, उंचीही नाही. बापासारखं काम त्याला शेवटपर्यंत जमत नाही. तो ते दोऱ्यांनी करतो.

कीटनचा स्वतःचा बापही असाच भारी होता. 'द थ्री कीटन्स' या घरच्याच स्टेज शोमध्ये ज्यो कीटन लहानग्या बस्टरला उचलून इकडंतिकडं फेकायचा. पकडायला सोपं जावं म्हणून त्याच्या कपड्यांना सुटकेसची मूठ शिवलेली असायची. आपण हसलो की लोक हसत नाहीत, हे त्या पोराला तिथंच कळलं. पुढं बापाचं पिणं वाढलं आणि १९१७ मध्ये बस्टर तो शो सोडून निघाला. नंतर स्वतःचे सिनेमे काढायला लागल्यावर त्याच बापाला त्यानं बोलावून भूमिका दिल्या.

आणि ज्या सिनेमात जुनी बोट बापाला वाचवते, त्यानंतर कीटनची स्वतःची बोट गेली. सिनेमा फारसा चालला नाही. बोलपट येऊ लागले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या सिनेमाच्या नावावर कोटी करणारा डिस्नेचा 'स्टीमबोट विली' आला, आणि त्यात आवाज होता. शेंकनं कीटनचं स्वतंत्र युनिट बंद केलं. कीटन एमजीएममध्ये नोकरीला लागला आणि पूर्वीचं स्वातंत्र्य गमावून बसला. तो निर्णय आयुष्यातली सर्वांत मोठी चूक होती, असं पुढं तोच म्हणायचा.

सिनेमा संपला. पप्पांनी फोन मागितला. पाणी ३८ वर थांबलं होतं. झोपायला जाता जाता दारात उभं राहून म्हणाले, "ते दोऱ्यांचं उद्या परत दाखव."

सकाळी परत दाखवलं. त्यांनी चहाच्या बिलामागं पेन्सिलनं काहीतरी काढलं. वर्कशॉपच्या छताला आडवं चॅनेल, त्याला चेन पुली, खाली वेल्डिंग मशीन आणि ड्रिल मशीनसाठी एक लोखंडी पाळणा. पाणी चढायला लागलं की एकट्या माणसानं साखळी ओढून सगळं माळ्यावर घ्यायचं. "एकट्याला जमलं पायजे," ते म्हणाले. "पोरं काय पुरात थांबत नाहीत."

वर्कशॉप बंद करा, असं पुन्हा म्हणायला माझ्याकडे ती वेळ चांगली होती. मी विचारलं, "वजन किती होईल सगळ्याचं?"

पुढच्या महिन्यात सलग तीन दिवस सुट्टी घेऊन गेलो. लोडचं गणित मी मांडलं. पाळण्याची फ्रेम मी कापली, जमिनीवर मांडली, गुण्या लावला, टेपनं दोन्ही कर्ण मोजले. सारखे आले. पप्पांना हाक मारली. त्यांनी माझ्या हातातून टेप घेतला, वाकून दोन्ही कर्ण स्वतः एकदा मोजले आणि काही न बोलता टाका मारायला बसले.