हात न लावता

घरी पाव भाजण्याचे यंत्र विकणारा प्रत्येक विक्रेता एक वाक्य आवर्जून उच्चारतो : यात हात घालावा लागत नाही. पाणी, पीठ, मीठ, साखर, यीस्ट मोजून घालावे, झाकण लावावे, कळ दाबावी. तीन-चार तासांनी पाव तयार. मराठी घरात मात्र हे वाक्य दिसते तितके निरुपद्रवी नाही. ‘हात लागणे’ या शब्दप्रयोगाला आपल्याकडे इतिहास आहे.

‘पाव’ हा शब्द मुळात पोर्तुगीजांचा. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या कथा कोकण-गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे पुढे आली, त्यावरून ग्रामण्य उठले आणि टिळक-रानड्यांनाही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. आमच्या आजीने बेकरीचा पाव जन्मात तोंडात घातला नाही. ‘कुणाकुणाचे हात लागलेले असतात’, एवढेच ती म्हणे. तो स्वच्छतेचा आग्रह आहे, अशी आम्ही घरातली मंडळी स्वतःची समजूत घालत असू. पण त्या ‘कुणाकुणाचे’मध्ये कोण कोण येत होते, हे सर्वांना ठाऊक होते. आज ती असती तर हे यंत्र तिला पूर्ण सोवळ्यातले वाटले असते.

आणि इथेच यंत्राची जन्मकथा आडवी येते. १९८५ च्या सुमारास जपानमधील मात्सुशिता कंपनीचे तंत्रज्ञ असे यंत्र घडवू पाहत होते; परंतु पावाची पाठ करपे आणि आतला गाभा कच्चा राही. यंत्राने मळलेल्या आणि माणसाने मळलेल्या पिठाची क्ष-किरण चित्रे ताडून पाहिली, तरी उलगडा होईना. तेव्हा इकुको तानाका ही त्यांची सहकारी ओसाकातील एका हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे उमेदवारीला राहिली. मळताना तो पीठ ताणतो आणि ताणतानाच पिळतो, हे तिने हेरले. पुढे वर्षभराच्या खटपटीनंतर भांड्याच्या आतल्या बाजूस खास कंगोरे बसवले गेले आणि पाव साधला. इकुजिरो नोनाका यांनी १९९१ साली ही हकीकत अबोल ज्ञानाचे उदाहरण म्हणून मांडली. आमच्या यंत्राच्या भांड्यालाही आतून असा एक कंगोरा आहे. म्हणजे हात न लागलेल्या म्हणवणाऱ्या या पावाला एका परक्या, अनोळखी पाववाल्याचा हात आधीच लागलेला आहे. आजीला हे कसे सांगितले असते, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो.

तथापि त्या पाववाल्याचे सारे ज्ञान कंगोऱ्यात उतरले, असे मानणेही भाबडेपणाचे. रॉड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स यांनी २००७ साली नेमका हाच आक्षेप घेतला : यंत्र फक्त एक हालचाल उचलते; उरलेली समज वापरणाऱ्याला आपल्या पदरची घालावी लागते. आमच्या स्वयंपाकघरात याचा रोज प्रत्यय येतो. पुस्तिकेतली मापे मैद्याची. चक्कीच्या दळणात पिठातील स्टार्चचे कण अधिक दुखावतात, त्यामुळे आपली कणीक जास्त पाणी पिते. त्यात पावसाळ्यातले पीठ वेगळे, वैशाखातले वेगळे. यंत्राला ऋतू कळत नाही.

आईला कळतो. चाळीस वर्षे दोन्ही वेळची कणीक तिंबलेली तिची बोटे आता संधिवाताने वाकली आहेत. यंत्र घरात आले ते तिच्यासाठीच. मळणी सुरू झाली की पाचव्या-सातव्या मिनिटाला ती येते, झाकण उघडते, गोळ्याला एक बोट लावते आणि सांगते, ‘दोन चमचे पाणी.’ कशावरून, असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘कळतं.’ कवितेतली एखादी ओळ कुठे अडखळते हे वर्गात दाखवताना, विद्यार्थ्याच्या ‘कशावरून?’ला आम्हीही अनेकदा याहून बरे उत्तर देऊ शकलेलो नाही. फरक इतकाच की आम्ही त्यावर परिभाषेचे पांघरूण घालतो.

तिचे सांगणे आम्ही वहीत टिपू लागलो : महिना, पीठ, पाणी, पाव कसा झाला. वही भरत आली आहे आणि तिच्यावरून सरासरी काढता येते. पण आजचा गोळा सरासरीचा नसतो. हे बोट एक दिवस नसेल, ही गोष्ट वहीची पाने वाढत जातात तसतशी अधिकच जाणवते.

गेल्या महिन्यापासून आईने क्रम बदलला आहे. झाकण उघडून ती बाजूला उभी राहते आणि म्हणते, ‘आधी तू लाव बोट, मग मी.’ आम्ही बोट लावतो, सांगतो. मग ती लावते. पाच पावांपैकी दोनदा आमचे आणि तिचे उत्तर जुळले. त्या दोन्ही वेळा ती काही बोलली नाही, फक्त झाकण लावून टाकले.