सोडलेला मासा

गळाला लागलेला मासा हलकेच सोडवून परत पाण्यात सोडला की माणसाला आपण चांगलं वागलो असं वाटतं. अमेरिकेतल्या हौशी गरवणाऱ्यांत तर ही आता सभ्यतेची खूणच झाली आहे. मासा घरी नेणारा जरा गावंढळ, सोडणारा सुसंस्कृत! हा समज सरसकट चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण कोलोराडोच्या डोंगरांतल्या गोठलेल्या जलाशयावर बर्फाला भोक पाडून कोकॅनी साल्मन गरवायला जो बसतो, त्यानं हा समज घरी ठेवून यावं असं माझं मत आहे. कोकॅनी धरायचा तो खाण्यासाठी आणि मोजून. आकडा भरला की उठायचं. आकडा भरल्यावरही बसून राहणं आणि ‘मी सगळे सोडून देतोय’ असं म्हणणं ही मला दया वाटत नाही, आणि कौशल्य तर नाहीच.

हा मासा कसा आहे ते आधी पाहायला हवं. कोकॅनी म्हणजे समुद्र न पाहिलेला सॉकाय साल्मन. दोघांची जात एकच. सॉकाय पॅसिफिकमध्ये वाढून अंडी घालायला नदीत परततो, कोकॅनी सगळं आयुष्य गोड्या पाण्यात काढतो. हे आयुष्य बहुधा तीन-चार वर्षांचं असतं. शेवटच्या उन्हाळ्याच्या अखेरीला त्याचं चंदेरी अंग लाल होऊ लागतं, नराचा जबडा वाकडा होतो, खाणं थांबतं. मग प्रवाहाविरुद्ध वर चढायचं, अंडी घालायची आणि मरायचं. नर आणि मादी दोघांनाही पुढचा हंगाम दिसत नाही. मासे परत सोडण्याचा विचार अमेरिकेत ज्यांनी रुजवला त्यांत ली वुल्फ यांचं नाव आघाडीवर आहे. खेळाचा मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही, असं त्यांनी १९३९ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं. त्यांच्या डोळ्यांपुढे ट्राउट आणि अटलांटिक साल्मन होते, आणि या माशांमध्ये एकदा अंडी घालून पुन्हा दुसऱ्या वर्षी घालणारे असतात. आपल्याकडच्या महासिरालाही हाच न्याय लागू पडतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महासिराची पैदास होते. तो वर्षानुवर्षं जगतो, मोठी मादी पुन्हा पुन्हा अंडी घालते, म्हणून असा मासा सोडण्यात पुढच्या कित्येक वर्षांची सोय आहे. आंब्याचं झाड फळासाठी कोणी तोडत नाही. ज्वारीचं कणीस मात्र न कापता उभं ठेवलं तरी त्याच ताटाला पुढच्या वर्षी दाणे लागत नाहीत. कोकॅनी ज्वारीच्या बाजूचा आहे.

यावर पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की हिवाळ्यात गळाला लागणारा कोकॅनी अजून अंडी घालायचा असतो. जानेवारीत वर आलेली धडधाकट मादी पुढच्याच शरदात प्रवाह चढणार असेल. तिला आत्ता मारलं तर कापणी नव्हे, पेरणीच खुंटली. आक्षेप खरा आहे. त्याचं उत्तर ब्लू मेसाच्या व्यवस्थेत सापडतं. गनिसन नदीवरचं हे धरण १९६६ साली पूर्ण झालं, आणि सुमारे २,२९० मीटर उंचीवरचा त्याचा जलाशय हे कोलोराडोतलं सगळ्यात मोठं पाणी. कोकॅनी इथला मूळचा नाही, आणलेला आहे. शरदात तो जलाशयातून गनिसन चढत आल्मंट या वस्तीपर्यंत येतो आणि तिथून ईस्ट नदीवरच्या रोअरिंग ज्युडी मत्स्यबीज केंद्रात पोचतो. तिथे माद्यांची गाभोळी काढून फलित करतात, पिल्लं वाढवतात आणि वसंतात लाखोंच्या संख्येनं बोटुकली परत नदीत सोडतात, तीही रात्री, म्हणजे वाटेतल्या ब्राउन ट्राउटच्या तोंडी कमी जावीत. एका मादीपोटी शेकड्यांनी अंडी निघतात, मोठी असेल तर हजारावर. केंद्राची गरज भागली की उरलेल्या माशांचं काय होतं? परवानाधारकांना ते फुकट वाटतात! लोक खोकी घेऊन रांगेत उभे राहतात. ज्या माशाची पैदास माणसाच्या हातात आहे आणि अंडी काढून झाल्यावर सरकारच तो वाटून टाकतं, त्याच्यातला एक जानेवारीत सोडून आपण वंश वाचवला असं समजणं म्हणजे स्वतःला फारच महत्त्व देणं झालं. जे वर्ष वाईट असतं, केंद्रावर मासे कमी पोचतात, त्या वर्षी दिवसाची मर्यादा खाली आणणं हाच उपाय आहे, आणि ते काम राज्याच्या मत्स्यशास्त्रज्ञांचं. तरीही कोणाला जास्त काळजी वाटत असेल, तर त्यानं गळच टाकू नये. टाकून सोडणं हा मधला मार्ग नाही.

का नाही, हे कळायला गळाच्या टोकाशी काय घडतं ते पाहावं लागतं. कोकॅनी मासे खाऊन जगत नाही. त्याच्या कल्ल्यांच्या आतल्या बाजूला दाट दातरे असतात आणि डॅफ्नियासारखे पिसवेएवढे जलजीव त्यांत अडकतात. हाच त्याचा रोजचा घास. म्हणूनच तो तळाशी बसत नाही, की काठच्या दगडांतही लपत नाही. अन्न ज्या थरात असेल त्या थरात, मधल्या पाण्यात, थव्यानं फिरतो. बर्फाखाली पाच मीटरवर असेल, पंधरावरही असेल, आणि सकाळी होता तिथे दुपारी नसेल. गिरमिटानं एक भोक पाडायचं, पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं सोनार यंत्र उतरवायचं, थव्याची खूण दिसली नाही तर सामान उचलून पुढे. लांबून ही बसून राहण्याची, संयमाची कला दिसते. जवळून पाहिलं तर ती शोधाची आहे. खोली सापडली की एक लहान चमकता पत्रा, त्याखाली वीतभर तंगूस आणि टोकाला गुलाबी किंवा अंधारात उजळणारा बारीक गळ. गळाला अळी, नाहीतर मक्याचा पांढरा दाणा. पिसवेएवढं खाणारा हा मासा मक्याच्या दाण्याला का लागतो, हे भुकेनं पुरतं उलगडत नाही. डिवचल्यासारखा तो चावतो असं बहुतेक जाणकार मानतात आणि मलाही तेच पटतं. लागला की मात्र गोष्ट नाजूक. त्याच्या तोंडाची कातडी इतकी पातळ असते की काठी जरा कडक असली, ओढ जरा जास्त झाली, तर गळ मांस फाडून सुटतो. म्हणून काठी लवचिक ठेवायची आणि धागा हलका.

या पातळ तोंडात सोडण्याचा सगळा हिशेब फसतो. वर आलेल्या माशाचा ओठ पुष्कळदा फाटलेला असतो. खवले सैल, हाताला चिकटून निघणारे. बर्फावर टाकला तर अंगावरचा बुळबुळीत थर बर्फ पुसून घेतो, आणि तो थर त्याचं रोगापासूनचं पहिलं संरक्षण असतो. उणे पंधरा-वीस अंशांच्या हवेत कल्ल्यांची तलम पटलं गोठायला वेळ लागत नाही, आणि फोटोसाठी तर वेळ लागतोच. इथे दुसरी बाजू नीट सांगायला हवी. थंड पाण्यात माशाची ओढाताण कमी होते, हे खरं आहे. उन्हाळ्यात खालच्या गार थरातून कोमट पाण्यात आणलेल्या कोकॅनीपेक्षा हिवाळ्यातला बऱ्या स्थितीत असतो. साल्मनचं वाताशय अन्ननलिकेला जोडलेलं असतं, त्यामुळे खोलातून वर येताना तो हवा तोंडावाटे टाकू शकतो. बंद वाताशयाच्या पर्चसारखा फुगत नाही. तेव्हा जो मासा पाण्याबाहेर न काढता, हात न लावता भोकातच सुटला, तो जगण्याची शक्यता चांगली. पण असे किती? आणि बाकीच्यांचं काय होतं ते बर्फ दिसू देत नाही. उन्हाळ्यात सोडलेला मासा मेला तर पोट वर करून नावेभोवती तरंगतो आणि सोडणाऱ्याला चार शब्द ऐकावे लागतात. हिवाळ्यात तो भोकातून शेपूट हलवत खाली जातो, आणि नंतर मेला तरी वर अर्धा मीटर बर्फ असतो. सोडणाऱ्याच्या हिशेबात तो जिवंतच राहतो. घेणाऱ्याच्या हिशेबाला निदान तळाची रेघ असते. सोडणाऱ्याला ती नसते. एका सकाळी तो तीस मासे ओढून काढेल आणि एकही मारला नाही म्हणेल. सोनारनं हे आणखी सोपं केलं आहे. यंत्रामुळे कला संपली अशी ओरड मला पटत नाही, कारण पडद्यावर दिसणारा मासा चावतोच असं नाही; पण ज्याला थवा दिसतो त्याला मोजण्याची गरज न दिसणाऱ्यापेक्षा जास्त, एवढं खरं.

गळानंच कोकॅनी संपतो अशी भीती ज्यांना वाटते त्यांनी मोंटानातल्या फ्लॅटहेड सरोवराचा इतिहास पाहावा. तिथे १९६८ ते १९७५ या काळात वरच्या अंगाच्या तळ्यांत मायसिस नावाचे कोळंबीवजा जीव मुद्दाम सोडले, कोकॅनीला खाद्य व्हावं म्हणून. ते वाहत खाली आले आणि १९८१ साली फ्लॅटहेडमध्ये सापडले. दिवसा तळाशी दडायचं आणि रात्री वर यायचं हा त्यांचा क्रम, आणि कोकॅनी तर डोळ्यांनी शोधून खाणारा. म्हणजे खाद्य म्हणून आणलेले जीव त्याच्या हाती लागलेच नाहीत. उलट त्याचा डॅफ्निया ते फस्त करू लागले, आणि तळाशी राहणाऱ्या, मोठेपणी कोकॅनी खाणाऱ्या लेक ट्राउटच्या पिल्लांना मेजवानी झाली. फ्लॅटहेडच्या वरच्या अंगाला असलेल्या मॅकडोनल्ड ओढ्यात १९८५ साली अंडी घालायला एक लाखाहून जास्त कोकॅनी आले होते. १९८७ साली ३३०. त्या माशांवर जमणारे गरुड १९८१ साली ६३९ मोजले गेले होते, १९८९ साली २५. इतकी पडझड दिवसाच्या मर्यादेत मासे नेणाऱ्यांनी झाली नाही, आणि त्यांनी सगळे सोडले असते तरी ती थांबली नसती. कोकॅनीचं भवितव्य पाण्यातल्या खाद्यावर आणि त्याला खाणाऱ्यांवर ठरतं. उलट ज्या तळ्यात थवे दाट होतात तिथे प्रत्येकाच्या वाट्याला घास कमी येतो आणि मासे खुरटतात. तिथे काही काढणं उरलेल्यांच्या फायद्याचंच.

कोलोराडोच्या त्याच बर्फाखाली लेक ट्राउटही असतो, तेव्हा माझं म्हणणं त्याला चिकटवू नये. तो दशकानुदशकं जगतो, सावकाश वाढतो. जुना, मोठा लेक ट्राउट सोडण्यात अर्थ आहे. पण ब्लू मेसात त्याचीच संख्या वाढून कोकॅनीवर ताण येतो, म्हणून लहान लेक ट्राउट न्यावेत असं राज्याचंच सांगणं आहे. एकाच भोकातून येणाऱ्या दोन माशांना दोन न्याय लावावे लागतात. ‘मी कधीच मारत नाही’ किंवा ‘मी सगळेच नेतो’ असं म्हणणाऱ्यानं हा विचार केलेला नसतो.

तेव्हा कोकॅनी लागला तर तो नीट न्यायचा. डोक्यावर एक नेमका घाव, लगेच कल्ले कापून रक्त वाहू द्यायचं, आणि रक्त गेल्यावरच बर्फात पुरायचा. आधी गोठला तर रक्त मांसातच राहतं आणि त्या नारिंगी, तेलकट मांसाची चव जाते. धरणाच्या पाण्यावरचा बर्फ वीजनिर्मितीसाठी पाणी उतरलं की काठाशी पोकळ होतो, तडकतो, तेव्हा जाडी मोजत चाला. एकट्या माणसाला स्वच्छ, कडक बर्फ किमान दहा सेंटिमीटर हवा. जाण्याआधी त्या जलाशयाची त्या वर्षीची मर्यादा राज्याच्या नियमपुस्तिकेत पाहा, कारण ती पाण्यागणिक वेगळी असते आणि बदलते. त्याहून कमी खाणार असाल तर कमी घ्या. आणि शेवटचा मासा बर्फात पुरला की गळ परत खाली सोडू नका.