उंच टोपीचा जॅक

तुमच्यापैकी पुष्कळांना सिनेमा आवडत असेल. पडद्यावर आपल्याच वयाचा मुलगा दिसला, की तुम्ही त्याच्याकडे जरा जास्तच लक्ष देऊन पाहता, हो ना? हा मुलगा शाळेत जात असेल का, मोठेपणी तो काय करील, असे प्रश्न मनात येतात. माझ्याही मनात येत. म्हणून आज मी तुम्हांला जॅक वाइल्ड या इंग्रज मुलाविषयी सांगणार आहे.

जॅकचा जन्म ३० सप्टेंबर १९५२ रोजी इंग्लंडमधील लँकशायर भागात, रॉयटन या गावी झाला. हा सारा मुलूख कापडगिरण्यांचा. घरची परिस्थिती बेताचीच होती. जॅक लहान असतानाच त्याचे कुटुंब लंडनजवळ हाउन्स्लो येथे राहायला आले. तेथे तो दूधवाल्याला मदत करून चार पैसे मिळवत असे. एकदा तो भावाबरोबर बागेत फुटबॉल खेळत होता. तेथे जून कॉलिन्स नावाच्या बाईंची नजर त्यांच्यावर पडली. नाटक-सिनेमासाठी मुले शोधणे हे त्यांचे काम. (त्यांचा मुलगा फिल पुढे जगप्रसिद्ध गायक झाला.) त्यांच्यामुळे दोघे भाऊ नाट्यशिक्षण देणाऱ्या शाळेत दाखल झाले. फुटबॉल खेळायला गेलेली मुले नट होऊन परतली, असे म्हणायला हरकत नाही.

आता थोडे एका कादंबरीविषयी. चार्ल्स डिकन्स यांची 'ऑलिव्हर ट्विस्ट' ही कादंबरी १८३७ ते १८३९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. अनाथ ऑलिव्हर पायपीट करत लंडनला येतो आणि खिसेकापूंच्या टोळीत सापडतो. फेगिन नावाचा म्हातारा या टोळीचा उस्ताद. त्याचा सर्वांत तरबेज शागीर्द म्हणजे 'आर्टफुल डॉजर'. हुलकावणी देण्यात पटाईत, असा या नावाचा अर्थ. गंमत म्हणजे कादंबरीत त्याचे खरे नावही जॅकच आहे! लायनेल बार्ट यांनी या कथेवर संगीत नाटक रचले. ते १९६० मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आले आणि खूप गाजले. पुढे त्यावरून 'ऑलिव्हर!' हा चित्रपट काढायचे ठरले. दिग्दर्शक होते कॅरोल रीड. डॉजरच्या भूमिकेसाठी त्यांनी जॅकला निवडले. चित्रीकरणाच्या वेळी तो १४-१५ वर्षांचा होता.

हा चित्रपट मी पाहिला, तेव्हा माझे इंग्रजी कच्चे होते. निम्मे संवाद समजले नाहीत. पण डॉजर समजला. अंगात मोठ्या माणसाचा ढगळ कोट, डोक्यावर चेपलेली उंच टोपी, दोन्ही हात खिशांत आणि चेहऱ्यावर असा थाट, की जणू सारे लंडन याच्या वाडवडिलांचे! तो भुकेल्या, घाबरलेल्या ऑलिव्हरला बाजारात गाठतो आणि गाणे म्हणत, नाचत आपल्या घरी घेऊन जातो. आता तू आमच्यातलाच, असे तो त्याला सांगतो. डॉजर चोर आहे हे मला पक्के ठाऊक होते. तरीही त्या क्षणी, ऑलिव्हरला अखेर कोणीतरी भेटले, याचाच मला आनंद झाला. ही किमया जॅकची होती. ऑलिव्हरचे काम करणारा मार्क लेस्टर पडद्यावर गातो, तो आवाज त्याचा नाही. एका तरुणीने त्याच्यासाठी गाणी गायिली आहेत. जॅकचा आवाज मात्र त्याचा स्वतःचा. किंचित खरखरीत आणि खोडकर. मला तर तो त्याच्या टोपीपेक्षाही अधिक लक्षात राहिला.

चित्रपट १९६८ मध्ये प्रदर्शित झाला. त्या वर्षीच्या उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर पारितोषिक त्याला मिळाले. उत्कृष्ट सहायक अभिनेत्याच्या पारितोषिकासाठी जॅकचे नाव मोठमोठ्या नटांच्या यादीत होते. ते पारितोषिक त्याला मिळाले नाही. पण तेव्हा त्याचे वय होते अवघे १६! अमेरिकेतून बोलावणे आले. १९६९ मध्ये तो तेथील मुलांच्या एका दूरदर्शन मालिकेचा नायक झाला. १९७१ मध्ये 'मेलडी' या चित्रपटात तो पुन्हा मार्क लेस्टरबरोबर चमकला. जपानमध्ये तर या चित्रपटावर लोक बेहद्द खूश झाले.

आणि मग? मग जॅक मोठा झाला. यात त्याचा काय दोष? पण निर्मात्यांना डॉजर हवा होता. जॅक अंगाने लहानखुरा. विशीला आला तरी त्याला लहान मुलांचीच कामे मिळत. हळूहळू तीही थांबली. सिगारेटची सवय त्याला कोवळ्या वयातच लागली होती. आता दारूही जडली. मिळवलेला पैसा संपला, प्रकृती ढासळली. कोणी म्हणेल, पोराला यश पचले नाही. मला हे म्हणणे पटत नाही. चित्रपटाच्या कामात मुलाभोवती शेकडो मोठी माणसे वावरत असतात. कोणी त्याचे केस विंचरतो, कोणी त्याची टोपी नीट करतो. पण त्याच्या हातातली सिगारेट काढून घेणे हे कोणाचेच काम नसते.

मार्क लेस्टरने पुढे अभिनय सोडला. तो हाडे आणि सांधे यांवर हाताने उपचार करण्याची विद्या शिकला आणि त्याच व्यवसायात रमला. जॅकला अभिनयाशिवाय दुसरे काही करायचेच नव्हते. १९८९ मध्ये त्याने दारू सोडली, ती कायमची. हे किती अवघड असते, हे ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्यांना विचारा. त्यानंतर १९९१ मध्ये रॉबिन हूडवरील एका मोठ्या चित्रपटात त्याला छोटी भूमिका मिळाली. नाटकांतही तो कामे करू लागला. गाडी पुन्हा रुळावर येत होती.

पण जुन्या सवयींचा हिशेब बाकी होता. २००० मध्ये त्याला तोंडाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. हा रोग आपल्याकडेही अनोळखी नाही. तंबाखू आणि गुटखा यांनी तो घरोघर पोहोचवला आहे. २००४ मध्ये जॅकवर मोठी शस्त्रक्रिया झाली आणि त्याचा आवाज गेला. सिगारेट आणि दारू यांमुळेच आपल्यावर ही वेळ आली, हे त्याने लपवले नाही. उलट लोकांना सावध करण्यासाठी तो पुढे आला. आपले म्हणणे तो पत्नीच्या मदतीने इतरांपर्यंत पोहोचवत असे.

इंग्लंडमध्ये नाताळच्या दिवसांत मुलांसाठी खास नाटके होतात. त्यांत गाणी असतात, विनोद असतात आणि प्रेक्षकांतली मुले मोठमोठ्याने ओरडून पात्रांना उत्तरेही देतात. २००५ च्या नाताळात वर्दिंग या समुद्रकाठच्या गावी 'सिंड्रेला' हे नाटक होते. जॅकला त्यात काम दिले गेले. त्याच्या वाट्याला एकही संवाद नव्हता. हातवारे आणि चेहऱ्यावरचे भाव एवढ्यावरच त्याने ती भूमिका केली. पत्नीही त्याच नाटकात होती. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १ मार्च २००६ रोजी, तो मरण पावला. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता.