छर्ऱ्यांचा जमाखर्च

सायकलीचे छर्रे घरच्या घरी बदलण्यात जी बचत होते, तिचा हिशेब बहुतेक लोक कारागिराला न द्याव्या लागलेल्या मजुरीवरून करतात; ती मजुरी वाचते हे खरेच, परंतु माझ्या मते या कामातील खरी काटकसर हबच्या पोटातील तीन जिनसांच्या झिजण्याच्या क्रमात आहे. छर्रे सर्वांत स्वस्त. ते ज्यावर फिरतात तो आसावरचा कोन त्याहून महाग. आणि हबमध्ये ठोकून बसवलेली वाटी एकदा खराब झाली म्हणजे पुष्कळदा सबंध हबच बदलावे लागते व त्यासाठी चाकाच्या साऱ्या तारा उकलून ते नव्याने बांधावे लागते. पैशांत मिळणाऱ्या छर्ऱ्यांची हयगय केली, की तिची भरपाई अशी चढत्या दराने करावी लागते.

म्हणून पावसाळा सरला की चाके उघडावीत असा माझा शिरस्ता आहे. पाणी शिरलेल्या हबमधील ग्रीस दह्यासारखे पांढरे पडते, छर्ऱ्यांची झिलई जाते, आणि दुकानात गाडी नेण्याइतका खरखराट चाकातून ऐकू येईपर्यंत कोनाच्या गुळगुळीत मार्गावर खड्डे पडून गेलेले असतात. घरी काम करणाऱ्याला आवाजाची वाट पाहावी लागत नाही, हाच त्याचा मोठा लाभ.

सामान्यतः पुढच्या चाकात प्रत्येक बाजूस ३/१६ इंची, म्हणजे दीड सुती, दहा छर्रे असतात आणि मागच्या चाकात पाव इंची नऊ. त्यांतला एखादाच फुटला तरी सगळे बदलावेत, याविषयी माझा आग्रह आहे. १८८३ साली जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर याने पोलादी गोळ्या हुबेहूब एका मापाच्या घासणारे यंत्र तयार केले, आणि या समानतेवरच छर्ऱ्यांची सारी उपयुक्तता उभी आहे. कारण झिजलेल्या आठांत एक नवा घातला, तर केसभर मोठा असलेला तो एकटाच भार वाहू लागतो आणि कोनाला चरे पाडतो.

जुने छर्रे मोजून काढावेत, वाट्या रॉकेलने धुऊन कोरड्या कराव्यात, कोन तिरप्या उजेडात धरून त्यावरून नख फिरवावे, आणि नख अडले तर कोनही बदलावा. ताज्या ग्रीसच्या थरात छर्रे आपोआप चिकटून बसतात. येथवरचे काम कोणालाही जमेल. कसोटी लागते ती कोन बेताने आवळताना. पातळ पान्याने कोन धरून दुसऱ्या पान्याने चेकनट आवळला, की कोन किंचित आत सरकतो. तेव्हा आधी जाणून-बुजून लवमात्र खेळ ठेवावा लागतो, चेकनट बसल्यावर रिम आडवी हलवून पाहावी लागते, आणि पुन्हा सैल करून पुन्हा आवळण्याची चिकाटी धरावी लागते. अखेरीस अधांतरी धरलेल्या चाकाचा व्हॉल्व्ह स्वतःच्या भाराने खाली येऊन दोन्हीकडे झुलत झुलत थांबला, की माप साधले. ही चाळवाचाळव शांतपणे करण्याइतकी फुरसत गर्दीच्या दुकानातील कारागिराला कोठून असणार?

अनेक नव्या सायकलींत छर्ऱ्यांच्या जागी सीलबंद बेअरिंग असते; त्यावरचा अंक वाचावा. ६००१ असेल तर आतला व्यास १२, बाहेरचा २८ आणि रुंदी ८ मिलिमीटर. हाच अंक दाखवून यंत्रसामग्रीच्या कोणत्याही दुकानातून ते आणता येते. हबमध्ये बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यावा, अन्यथा आतल्या कड्यावर बसलेला घाव छर्ऱ्यांतून जाऊन नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी निकामी करतो.

पायडलच्या आसाची उजवी वाटी मात्र मी सहसा काढीत नाही. आपल्याकडच्या नेहमीच्या सायकलीत तिचे आटे उलटे असतात आणि ती विलक्षण घट्ट असते. जागच्या जागी पुसून बॅटरीच्या उजेडात ती तपासता येते. तिच्यात खड्डे दिसले तर सायकल सरळ दुकानात नेतो, कारण तिच्यापुरता खास पाना विकत घेणे हिशेबात बसत नाही.